आधी हळू, मग मोठ्यानं

१

आमची चित्रं मुकी होती, पण ती काढताना मी कधी गप्प उभा राहिलो नाही. जयसिंगनं कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला घेतलं की माझं तोंड सुरू होई. "आता तुला चाहूल लागली. लगेच बघू नकोस. आधी हातातलं काम थांबू दे... हां. आता मान. डोळे सगळ्यात शेवटी." यातलं पडद्यावर काहीच ऐकू जाणार नसतं, तेव्हा वाटेल तेवढं बोलावं. नट माझ्याकडे बघत नसत, पण माझा आवाज पाठीवर हात ठेवावा तसा त्यांच्या सोबत असे. आणि बोलता बोलता एखाद्या वेळी असं व्हावं, की शब्द माझ्या तोंडून निघावा आणि तिथे त्यांच्या चेहऱ्यावर उमटावा. मधे हवासुद्धा उरू नये. त्या तेवढ्यासाठी मी नाटक कंपनीतलं पडदे रंगवायचं बरं चाललेलं काम सोडून या धंद्यात पडलो होतो.

दोन वर्षांत तसं एकदाही झालं नव्हतं. दोन चित्रं काढली, दोन्ही पडली. माझे नट छाती पिटत आणि डोळे फिरवत, आणि मी घसा कोरडा करीत उभा. तिसरं चित्र घेऊन अठ्ठावीस सालच्या मार्चात मी मुळशीकडे गेलो. गोष्ट साधी होती: नवरा बसऱ्याच्या लढाईवर गेलाय, पत्र येत नाही, बायको रोज दारात येऊन उभी राहते. शेवटी तो येतो.

दार मला तिथे मिळालं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालची वाडी उठली होती. लोकांनी कौलं, वासे, दारं सगळं काढून नेलं होतं. उन्हाळ्यानं पाणी मागे हटलं आणि उघड्या भिंती पुन्हा वर आल्या. त्यात एकच घर छपरासकट उभं होतं. दाराला फळ्या नव्हत्या, नुसती चौकट, आत काळोख. कॅमेऱ्याला याहून चांगलं काय हवं? ते कुणाचं, हे वरच्या गावात विचारलं, तर जो तो दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवायचा. मी नाद सोडला. आम्ही वरच्या गावात कुशाबा नावाच्या शेतकऱ्याच्या घरी अर्ध्या भागात मुक्काम टाकला.

२

पुण्याहून आणलेली नटी दुसऱ्याच दिवशी तापानं फणफणली आणि गाडीत बसून परत गेली. मी पाण्याच्या काठाला जाऊन बसलो. आता हेही चित्र गेलं, हे मनाशी धरूनच बसलो होतो.

तेवढ्यात रिह्याच्या खोऱ्यातून आलेली मेंढरं पाण्यावर उतरली. त्यांच्यामागे तिशीची एक धनगरीण शिव्या घालत येत होती. मधेच ती थांबली. कपाळावर हात धरून तिनं पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिकडे कोणी नव्हतं. तिचे खांदे जरासे खाली आले आणि ती पुन्हा मेंढरांवर ओरडू लागली. एवढंच. पण माझं अख्खं चित्र तेवढ्यात माझ्यासमोरून गेलं होतं. मी चिखलातून धावत गेलो. तिचं नाव भागूबाई.

तिच्या सासूला, साळूबाईला, पटवणं सोपं नव्हतं.

"फोटूत तोंड गेलं की मानूस झिजतंय म्हनत्यात," ती म्हणाली.

"माझे शेकडो फोटो निघालेत, आजी."

"म्हनून तर असं वाळल्यागत दिसताय."

भागूबाई पदर तोंडाला लावून हसली. शेवटी साळूबाईनं अट घातली: ती स्वतः रोज करंजाच्या सावलीत बसून राहणार आणि दिवस कलला की सुनेला घेऊन जाणार. "दोन लेकरं हायेत तिला. जशी न्हेताय तशी माघारी द्यायची."

मी हातावर हात मारून वचन दिलं.

३

पहिल्या दिवशी मी तिला फक्त उंबऱ्याशी उभं केलं. जयसिंगनं फितीनं अंतर मोजलं, तिच्या पायांशी चुन्याची खूण केली. पांढऱ्या कापडाच्या चौकटींनी ऊन तिच्या तोंडावर वळवलं. मी म्हणालो, "कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. मी सांगतो तसं कर."

हँडल फिरू लागलं. मी सुरुवात केली, "तू दारात आलीस. वाट बघायची नाही असं ठरवून आलीस..."

आणि ते झालं! पहिल्या फटक्यात! तिच्या चेहऱ्यावर ऊन-सावलीसारखं काहीतरी सरकत होतं. मी म्हटलं, "आता पावलं वाजली," आणि ती दचकलेलीच होती. मी म्हटलं, "नाही, दुसरंच कोणी," आणि तिच्या ओठांचा कोपरा खाली गेलेलाच होता. रीळ संपलं तरी मी बोलतच होतो. मी टोपी काढून हवेत फेकली. साळूबाई सावलीतून बघत राहिली, येडा झाला का काय म्हणून.

जयसिंग मात्र कॅमेरा पुसत होता. हा माणूस पंधरा वर्षं छायाचित्रं काढत आलेला, एका सेकंदाला हँडलचे बरोबर दोन फेरे मारणारा. त्याला वेळेचा भ्रम होत नसे.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही तिच्या मागून बोलताय."

"म्हणजे?"

"तुम्ही सांगता ते ती आधीच करते. अर्धा फेरा आधी."

"अरे, ती हुशार आहे! तिला कळतं पुढे काय येणार ते."

तो मान हलवून खाली वाकला. "आणि ती खुणेवर उभी नाही. वीतभर आत गेलीय."

४

दुसऱ्या दिवशी मी तिलाच विचारलं.

"भागूबाई, मी सांगायच्या आधी तुला कळतं कसं?"

ती गोंधळली. "आधी कुटं? तुमी सांगताय तवाच करतुया."

"मी नंतर सांगतो."

"तुमी दोनदा सांगताय न्हवं? आधी हळू, मग मोठ्यानं. मी हळूवालंच ऐकतुया. त्ये लई ग्वाड सांगताय तुमी. मोठ्यानं वराडताय त्ये मेंढरावानी वाटतंय."

मला हसू आलं. मग हसू जिरलं. "हळू सांगतो ते कुठून ऐकू येतं?"

तिनं सहज हनुवटीनं दाराकडे दाखवलं. "घरातनं."

मी घरात जाऊन टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या. दगडी भिंती, त्यामुळे घुमणार हे उघडच होतं. आवाज आतल्या खोलीत जाऊन परत येत होता. मी बाहेर येऊन जयसिंगला सांगितलं, "प्रतिध्वनी आहे." तो म्हणाला, "प्रतिध्वनी मागून येतो, मास्तर. आधी येत नाही."

मग मी एक गंमत केली. त्या दिवशी मी तोंडच उघडलं नाही. नुसता मनात धरून बसलो: आता तिला नवऱ्याची चिलीम आठवावी, तिनं चौकटीवरून बोट फिरवावं, आणि ते बोट हुंगावं. कुणालाही सांगितलेलं नव्हतं. हँडल फिरत होतं. दुपार टळटळीत होती. भागूबाईनं चौकटीवरून बोट फिरवलं. थांबली. बोट नाकाशी नेलं. डोळे मिटले.

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं काय ते सांगतो: मी आनंदानं थरथरत होतो. दोन वर्षं ज्याच्या मागे धावलो ते माझ्यासमोर दहा हातांवर उभं होतं. माझ्या मनातलं थेट तिच्या चेहऱ्यावर! मला झोप येईना, जेवण जाईना. रोज सकाळी कुशाबाच्या अंगणात मी पहिला उठून तयार असायचो. ती रोज वीतभर आत सरकत होती आणि जयसिंग रोज फीत धरून नव्यानं अंतर मोजत होता. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

५

नवऱ्याच्या कामासाठी पुण्याहून कोंडिबा आला. वीस वर्षं नाटकात काढलेला नट. चेहरा असा, की रडायचं तर डोळ्यांत कांदा पिळावा लागे. मी त्याला काहीच सांगितलं नाही. भागूबाईसमोर उभं केलं आणि म्हटलं, "तू परत आला आहेस."

त्यानं पटका काढला. तिच्या पायांकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहायचं धाडस होईना असं. मग त्याच्या गालावरून पाणी ओघळलं. खरं पाणी. जयसिंग हँडल फिरवता फिरवता पुटपुटला, "अरे देवा."

काम संपल्यावर कोंडिबानं माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, आत माणूस बसवलात हे फार चांगलं केलंत. नाटकात विंगेतून शब्द सांगतात, त्याची सवय मला. हा तर शब्दाच्या आधीचं सांगतो! कोण आहे हो? आवाज हुबेहूब तुमचा."

"काय सांगितलं त्यानं?"

"म्हणाला, तिच्याकडे बघू नकोस, तिचे पाय बघ, तेच पाय, पण टाचा किती फुटल्यात बघ." कोंडिबाचे डोळे पुन्हा भरले. "हे कुणाला सुचतं हो?"

मला सुचलं नव्हतं. मनातही आलं नव्हतं. म्हणजे आता तो आतला आवाज माझं मन वाचून सांगत नव्हता. तो माझ्यापुढे गेला होता.

"आणखी काही?" मी विचारलं.

"शेवटी म्हणाला, छान, आता थोडं आत या." कोंडिबा हसला. "उजेड जाईल ना पण आत गेलं तर? म्हणून थांबलो."

६

शेवटचा प्रसंग उरला होता: नवरा घरात जातो, बायको त्याच्यामागून जाते, दार रिकामं राहतं. जयसिंग म्हणाला, "हा इथे नको. पुण्यात खोटं दार उभारू." मी त्याच्यावर ओरडलो. इतकं चांगलं चाललेलं असताना कोण थांबतं? मी त्याला भेकड म्हटलं. त्यानं हँडलला हात घातला.

कोंडिबा आत गेला. भागूबाई उंबऱ्यावर थांबली, एकदा उन्हाकडे वळून पाहिलं, आणि काळोखात गेली. रिकामं दार. मी मनात दहा आकडे मोजले. "बस!" मी म्हणालो. "झालं! या बाहेर!"

कोणी आलं नाही.

"कोंडिबा! भागूबाई!"

आणि मग मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. माझाच. पण मी आयुष्यात कधी इतका शांत बोललो नव्हतो. आतून, अगदी हळू: "आता तो घाबरलाय. हं. आता तो धावत येईल."

मी धावलो.

आत गारवा होता. जमीन नुकती सारवल्यासारखी ओली, शेणाचा ताजा वास. कोंडिबा भिंतीशी बसून सुखानं रडत होता. भागूबाई आतल्या खोलीच्या चौकटीपाशी पोचली होती आणि मान किंचित कलती करून ऐकत होती, माझं ऐकायची तशीच. मी तिचा हात धरला. तो सैल होता, झोपलेल्या मुलाचा असतो तसा. त्या आतल्या चौकटीला, पलीकडच्या बाजूनं, कुणीतरी कोपर टेकलं होतं. सदऱ्याची बाही दोनदा दुमडलेली. बाकी काही दिसत नव्हतं. दमलो की मी चौकटीला असाच टेकून उभा राहतो. मी माझ्या हाताकडे पाहिलं. माझी बाहीसुद्धा दोनदाच दुमडलेली होती.

"भागे!" बाहेरून साळूबाईची आरोळी आली. "ए भागे! काय मेलीस का काय तितं? मेंढरं पांगली की गं समदी!"

भागूबाईला झटका बसला. "आले जी!" म्हणून ती पळाली आणि तिच्यामागून मी ओढला गेलो. कोंडिबा डोळे पुसत आला. मेंढरं पांगलेली नव्हती. साळूबाई सुनेचं मनगट धरून उभी होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, की मी मान खाली घातली.

७

रीळ मी दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलं. कुशाबाच्या कणगीच्या खोलीला गोणपाट लावून आम्ही अंधार केला होता. रीळ वाळल्यावर मी आणि जयसिंग खिडकीशी उभे राहून भिंगातून एकेक चित्र बघू लागलो. कोंडिबा गेला, भागूबाई गेली, रिकामं दार, मी धावत आत गेलो. पुढे बराच वेळ नुसतं दार. मग आम्ही तिघं बाहेर आलो.

"तू थांबला नाहीस?" मी विचारलं. "मी बस म्हटलं होतं."

"म्हटलंत. पण मागोमाग हळू म्हणालात, चालू ठेव." जयसिंगचा चेहरा पांढरा पडला होता. "मास्तर, मला वाटलं तुम्हीच."

मी पुढे बघू लागलो. बाहेर आल्यावर मी दारात थांबलो होतो. मला ते आठवत नव्हतं. मी वळून भागूबाईकडे पाहिलं होतं, आणि माझे ओठ हलत होते. आत मला दम लागला होता, बाहेर आल्यावर मी कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो, हे मी शपथेवर सांगेन. पण मुक्या चित्रांत ज्यानं वर्षं घालवली त्याला ओठ वाचता येतात. मी तीनदा वाचले.

छान झालं. पुन्हा एकदा घेऊ.

आणि पुढच्या चित्रात भागूबाई घराकडे परत वळत होती. साळूबाईनं मनगट धरलं होतं ते त्यासाठी.

मी भिंग ठेवलं. जयसिंगला म्हणालो, "सामान बांध. मी त्यांना सांगून येतो, आता काम नाही म्हणून." हे मोठ्यानं बोलताना मी माझा आवाज ऐकत होतो. तो माझाच वाटत होता. पण मला खात्री नव्हती.

८

मेंढरांचा तळ माळावर होता. साळूबाई चुलीशी भाकरी थापत होती. मला बघून तिनं पिठानं भरलेले हात तसेच धरले.

"आता आनि काय ऱ्हायलं?"

"भागूबाई कुठंय?"

"कुटं म्हंजी? तुमीच न्हाई का हाळी दिलीत मगाशी? म्हनलात, चित्रातलं लुगडं ऱ्हायलंय तुमच्याकडं, त्ये हितं घराशी आनून द्या, मग संबंध सुटला. मी म्हनलं, सुटूदे एकदाचा."

"मला पाहिलंत तुम्ही?"

"न्हाई. वघळीकडनं आवाज दिलात." बोलता बोलता तिचा चेहरा बदलला. "तुमी न्हवता?"

मी उतारावरून धावत सुटलो. सकाळचं ऊन चांगलं वर आलं होतं, पाणी चकाकत होतं, आणि त्याच्या अलीकडे त्या भिंतींमधून काखेत लुगडं घेऊन भागूबाई चालली होती. घर तिच्यापासून वीस पावलांवर. मी छातीत हवा भरली, हाक मारणार तोच थांबलो. काय म्हणून हाक मारू? थांब म्हणू? तो आतून माझ्याच आवाजात म्हणेल, नको थांबू. आणि माझ्या तोंडून काय निघेल, हे तरी कुणी सांगावं? कालच्या ओठांचं मी काय करणार होतो?

मी ओठ दातांखाली दाबले आणि मुक्यानंच धावलो. ढेकळांत दोनदा पडलो. ती दहा पावलांवर होती. पाच. तिनं पाऊल उंबऱ्याकडे टाकलं, तेव्हा मी तिचा दंड धरला.

ती वळली. मान तशीच कलती, डोळ्यांत तेच ऐकणं. मी मान हलवली. नाही. नाही. माझ्या ओठातून रक्त आलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आत कोणीतरी बोलत होतं आणि माझं तोंड मिटलेलं होतं, हे तिला दिसत होतं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "मग त्यो कोन?"

लुगडं तिच्या काखेतून खाली पडलं. आम्ही ते उचललं नाही. दोघं घराकडे पाठ करून चालू लागलो. दहा पावलं गेलो असू, आणि आतला आवाज तिला सोडून माझ्याशी बोलू लागला.

"तू थांबलास," तो म्हणाला. आणि मी थांबलो होतो.

भागूबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती माझ्यामागे आली, भाकरीच्या पिठाचे आणि लोकरीचे वास असलेले तिचे खरखरीत तळवे तिनं माझ्या कानांवर घट्ट दाबले आणि गुडघ्यानं मला पुढे ढकललं, अडलेल्या मेंढराला ढकलावं तसं. तशीच ती मला चढावरून वर घेऊन आली. वर साळूबाई छाती बडवत उभी होती. त्याच दिवशी त्यांनी तळ मोडला आणि मेंढरं घेऊन रिह्याकडे निघून गेल्या. मी रीळ जाळलं. पुढे पुण्यात पुन्हा पडदे रंगवू लागलो. त्या कामात कुणाशी बोलावं लागत नाही.

लोक विचारतात, चित्रं काढायचं का सोडलंस. मी काहीतरी सांगतो. खरं कारण तो चढ आहे. भागूबाईच्या तळव्यांमधूनही मला सगळं ऐकू येत होतं. मी पाऊल कसं टाकावं, कुठे जरा रेंगाळावं, मागे वळून बघायची इच्छा चेहऱ्यावर न आणता मानेत कशी ठेवावी. वर पोचेपर्यंत तो सांगत होता, आणि मी ते करत होतो. इतकं सुंदर काम मी कुणाकडूनही करून घेऊ शकलो नसतो.